तिसऱ्या बाटलीतलं पाणी

“अरे, कोणी येतंय का खेळायला?” अंगणाच्या मधोमध उभी राहून चिमणी ओरडली. कोणी ‘ओ’सुद्धा दिली नाही!

आई-बाबा कामासाठी परगावी, म्हणून चिमणी सुट्टीभर मावशीकडे आली होती. मावशी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. सकाळी आठला जायची, ती दिवेलागणीला परतायची. तोवर घरात चिमणी एकटीच. वसाहतीतल्या मुलांनी तिला आत्ता कुठे खेळात घेतलं होतं, तर एकेक जण पोट धरून अंथरुणाला खिळला. उरला फक्त मावशीच्याच, म्हणजे पुढच्या इमारतीतला चष्मिस.

“अरबटचरबट खाल्लं असेल,” तो म्हणाला.

“सगळ्यांनी एकदम? आणि आजारी मागच्या इमारतीतलेच कसे? सर्वांत खादाड तर तू, आणि तू ठणठणीत!”

“अगं, खरंच की!” चष्मिसने चष्मा नाकावर सरकवला. “आमचं-त्यांचं सगळं सारखंच. फक्त नळ वेगळा!”

संध्याकाळी चष्मिसला घेऊन तिने मावशीला गाठलं.

“पाणीपुरवठ्याचे मुकादम दर आठवड्याला नमुना पाठवतात. स्वच्छच असतो,” मावशी म्हणाली. पण पर्समधून तिने तीन छोट्या बाटल्या काढल्या. प्रत्येकीच्या तळाशी चिमूटभर औषध होतं. “खुणेपर्यंत पाणी भरा, आत बोट लावू नका, उबेत ठेवा. घातक जंतू असतील तर पाणी काळं पडेल. बहुधा एका दिवसात कळतं.”

सकाळी दोघांनी बाटल्या भरल्या. एक मुकादमांच्या कचेरीतल्या नळाची, एक पुढच्या इमारतीतल्या, एक मागच्या इमारतीतल्या. चिठ्ठ्या चिकटवून चिमणीने त्या टॉवेलात गुंडाळल्या. दिवसभर ती त्यांच्याशेजारी बसून राहिली. इतकी वाट ती फक्त आईच्या फोनची बघायची.

दुसऱ्या दिवशी टॉवेल उलगडला आणि चष्मिस किंचाळलाच! दोन बाटल्या होत्या तशाच. तिसरी, मागच्या इमारतीची, शाईसारखी काळीकुट्ट! ती घेऊन दोघं थेट मुकादमांच्या कचेरीत धावले.

“हा पोरखेळ बंद करा!” मुकादम गुरगुरले. “नमुना स्वच्छ आहे!”

“कुठल्या नळाचा?” चिमणीने विचारलं.

“या इथल्या. पाणी सगळीकडे एकच!”

चष्मिसने हळूच भरलेला पेला पुढे केला. “एकच ना, काका? मग हे घ्या. मागच्या नळाचं आहे!”

मुकादमांचा हात पेल्यापर्यंत गेला आणि तिथेच थबकला.

“तिकडे... तिकडे मी कधी गेलोच नाही,” ते पुटपुटले.

मग सूत्रं भराभर हलली. मावशी सहकाऱ्यांना घेऊन आली. मागचे नळ बंद झाले, टँकर आला. खणल्यावर गटाराशेजारी तडकलेला पाइप सापडला. नव्या तपासणीनेही बाटलीचंच म्हणणं खरं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, “वेळेवर कळलं, नाहीतर अवघड होतं!” मुकादमांनी सगळ्यांसमोर कान धरले. मोठ्या माणसांनी शाबासकी देऊन देऊन चष्मिसची पाठ लाल केली.

गर्दी पांगल्यावर मावशी चिमणीजवळ पायरीवर बसली.

“दिवसभर पाणी तपासते मी, पण माझ्याच अंगणातली मुलं दिसेनाशी झाल्याचं मला कळलं नाही. तुला बरं कळलं गं?”

“मी रोज त्यांची वाट बघत होते ना,” चिमणी म्हणाली.

मावशीने तिला जवळ ओढलं.