खोक्यात गेलेला फोटो

ताईने खोका अभिलेखागारात नेऊन दिला आणि तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. घरात उरलेले दोघंच, ती आणि तिचा धाकटा भाऊ. साठी उलटली तरी तो बंड्याच होता, आणि त्याला तशी हाक मारणारं आता ताईखेरीज कुणी राहिलं नव्हतं. दोघांच्या मागे ना मूल ना बाळ. आजोबांची पत्रं, आईवडिलांचे, काका-मावशीचे फोटो, सगळं उद्या रद्दीत जाणार. त्यापेक्षा जपणाऱ्यांच्या हाती दिलेलं बरं. मात्र एक गोष्ट तिने कटाक्षाने पाळली होती. गेलेल्यांचे फोटो द्यायचे, बंड्याचा एकही नाही. जिवंत माणूस खोक्यात घालायला तिचं मन धजत नव्हतं.

तिथल्या बाई शांत होत्या, मोजकं बोलणाऱ्या.

"आधी खोका प्लॅस्टिकमध्ये बंद करून शीतकपाटात ठेवतो," त्या म्हणाल्या. "जुन्या कागदांत कसर असते. आठ-दहा दिवस गोठवलं की मरते."

"फोटोंना काही होत नाही ना?"

"नाही. फक्त घाईने उघडायचा नाही."

त्याच संध्याकाळी बंड्याला थंडी वाजायला लागली. दिवस उकाड्याचे होते, म्हणून ताईने आधी त्याची टरच उडवली. भांडी घासायची वेळ आली की याला लहानपणापासून काहीतरी होतं, असं म्हणत तिने त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतकं ते गार होतं. डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, नाडी ठीक, म्हणाले. घरातल्या सगळ्या रजया अंगावर घालूनही त्याचे दात वाजत होते. ताई घामाने निथळत होती, आणि शेजारी त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. त्याच्या अंगाला एक वास यायला लागला होता. जुन्या पुठ्ठ्याचा, बंद प्लॅस्टिकचा.

दोन दिवसांनी, दुपारी, तो डोळे न उघडता पुटपुटला, "ताई... इथं सगळे आहेत गं."

"कोण सगळे?"

"काका... मावशी... पण कुणी हलत नाही. आणि आई... खांद्यावरचा हात काढतच नाही."

खांद्यावर आईचा हात असलेला त्याचा एकच फोटो होता, पहिल्यांदा शाळेत गेला त्या दिवशीचा. ताईने फोटोंचा खण उपडा केला. फोटो नव्हता. दमट हवेने कितीतरी फोटो एकमेकांना चिकटले होते, आणि ओढले तर फाटतील म्हणून तिने ते न सोडवता तसेच खोक्यात रचले होते. तिची ती काळजीच आता तिला नडली होती.

अभिलेखागारात पोचली तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. बाईंनी समजावलं. खोका बाहेर काढला तरी उद्यापर्यंत तसाच ठेवावा लागेल, एकदम उघडून चालणार नाही.

"उद्यापर्यंत तो राहणार नाही हो," ताई म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता त्यांनी प्लॅस्टिक कापलं. आजोबांच्या फोटोच्या पाठीला बंड्याचा फोटो चिकटलेला होता. पातळ पात्याने त्यांनी तो हळूहळू सोडवून टेबलावर ठेवला. नवा सदरा, चापून बसवलेला भांग, खांद्यावर आईचा हात.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. "गार फोटोवर पाणी धरतं. आपोआप वाळू दे."

पाणी धरायला लागलंच होतं. फोटोतल्या पोराच्या कपाळावर बारीक थेंब आले, मग डोळ्यांखाली, आणि ते गालांवरून ओघळायला लागले. त्या घरात बंड्या रडला की त्याचं तोंड पुसायचं काम ताईचं होतं, आईचं नव्हे. तिला काही कळायच्या आत तिचा हात रुमालासकट पुढे गेला होता.

"अहो, नको..."

एकदाच पुसलं. ओलावलेला थर रुमालाबरोबर निघून आला. सदरा राहिला, भांग राहिला, आईचा हात राहिला. मधे कोरा पांढरा कागद होता.

ताईने तिथूनच घरी फोन लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"ताई, थंडी गेली बघ," बंड्याचा आवाज चांगला खणखणीत होता. "एकदम गेली. उठलो, म्हटलं दाढी करावी."

ताईला रडूच फुटलं. "बरं झालं रे... बरं झालं."

"पण दिवे गेलेत का गं? आरशापुढे उभा आहे... काहीच दिसत नाही."

खिडकीबाहेर रणरणतं ऊन होतं.

"बंड्या, जागचा हलू नकोस. मी येते."

"हात फिरवून बघतोय, ताई..." त्याचा आवाज दबत चालला होता, उशीत तोंड खुपसून बोलावं तसा. "सगळं सपाट लागतंय..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. फोन मात्र चालू होता.

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. ताईच्या मुठीत तो ओला रुमाल तसाच होता, आणि तो आता गार लागत नव्हता. त्याच्या घडीतून तिच्या तळव्याला ऊब लागत होती, थांबून थांबून, श्वासासारखी.