नाकाड्याचा लाल दिवा

"आप्पा, तुमचा नाकाडा बिघडलाय!" शेडच्या दारातूनच केतकी ओरडली.

आप्पा म्हणजे केतकीच्या आईचे वडील. साताऱ्याच्या बाहेर त्यांची पत्र्याची मोठी शेड होती आणि गाड्यांच्या चाचणीकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून ते तिथेच काहीतरी खुडबुड करत बसायचे. नाकाडा हा त्या खुडबुडीतून जन्मलेला यंत्रमानव. उंचीला गुडघ्याएवढा, आणि तोंडाच्या जागी बागेतल्या नळीसारखं लांबलचक नाक. गाडीच्या मागच्या बंपरला चिकटून तो हे नाक सायलेन्सरशी धरायचा, धूर हुंगायचा आणि कपाळावरचा दिवा लावायचा. धूर स्वच्छ असेल तर हिरवा, बरा असेल तर पिवळा, आणि वाईट असेल तर लाल.

"काय केलं त्यानं?" आप्पांनी विचारलं.

"सकाळी इथे तुमच्या रोलरवर आमची निर्मळ गाडी चालवली, तेव्हा हा हिरवागार होता. आत्ता यवतेश्वरच्या घाटात नेली, तर रस्ताभर लाल! तीच गाडी, तेच डिझेल, तोच दिवस. मग बिघडलंय कोण? हाच ना?"

"लाल," नाकाडा म्हणाला. गप्प कधी बसायचं हे आप्पांनी त्याला शिकवलंच नव्हतं.

गाडी लावून केतकीचे बाबा मागोमाग आत आले. आठवडाभर ते फारसं बोलतच नव्हते.

त्याचं कारण असं. निर्मळ ही बोलकी गाडी होती. 'सीटबेल्ट लावा' असं ज्या गोड आवाजात म्हणायची, त्याच आवाजात तिने एके सकाळी सांगितलं, "सन्माननीय मालक, या गाडीच्या उत्सर्जनाबाबत आपल्याला चुकीची माहिती देण्यात आली होती. कंपनी आपली गाडी परत विकत घेईल. तसदीबद्दल क्षमस्व." उत्सर्जन (इंजिनातून बाहेर पडणारा धूर आणि वायू) हा शब्द त्या दिवशी साऱ्या कॉलनीने पाठ केला.

कॉलनीत चार निर्मळ गाड्या होत्या, आणि त्यातल्या तीन केतकीच्या बाबांच्या शब्दावर घेतलेल्या. संध्याकाळी फाटकाशी सभाच भरली. कदमकाका म्हणाले, "गाडी वाऱ्यासारखी पळते. धूर दिसत नाही, वास येत नाही. मी कशाला परत देऊ?" डॉक्टर मानेबाईंचं म्हणणं, गाडी द्यावी आणि त्याच कंपनीची नवी घ्यावी, एकदा पकडले गेलेत, आता तरी सरळ वागतील. देसाईकाका तर हळूच विचारत होते, ज्याने बातमी ऐकलेली नाही असं लांबच्या गावचं गिऱ्हाईक मिळेल का. बाबांना कुणी बोल लावला नाही. "तुम्ही म्हणालात म्हणून घेतली हो," एवढंच तिघंही म्हणाले. बाबांची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

केतकी मात्र निर्मळ वाईट आहे हे मानायला तयार नव्हती. कारण मानलं असतं, तर तिला हणमंतकाकांचा विचार करावा लागला असता.

हणमंतकाका शाळेची व्हॅन चालवायचे. केतकी पहिलीपासून पाचवीपर्यंत त्यांच्याच व्हॅनने शाळेत गेली. मग घरी निर्मळ आली, केतकी शाळेच्या 'स्वच्छ हवा पथका'ची प्रमुख झाली, आणि व्हॅनच्या मागून निघणारा निळसर धूर तिला एकाएकी दिसायला लागला. 'धूर! थांबा!' अशी लाल पाटी तिने स्वतः रंगवली आणि शाळेच्या फाटकाशी उभी राहून व्हॅनसमोर धरली. फोटो निघाले, टाळ्या पडल्या. महिन्याभरात शाळेने व्हॅन बंद केली. त्या दिवशी केतकी बाईसाहेब निर्मळमधून काच खाली करून, हात हलवत घरी गेल्या.

"बघा ना आप्पा, काय बिघडलंय याचं!"

"आधी साधनावर शंका घ्यायची, हे शहाणपणाचंच," आप्पा म्हणाले. त्यांनी कपाटातून दोन बाटल्या काढल्या. एकीत स्वच्छ हवा होती, दुसरीत मोजून मिसळलेला विषारी वायू. नाकाड्याने पहिली हुंगून हिरवा दिवा लावला, दुसरी हुंगून लाल. बाटल्यांची अदलाबदल केली तरी तो चुकला नाही.

"नाक ठणठणीत आहे. मग आता शंका कुणावर?"

केतकीने नाइलाजाने गाडीकडे पाहिलं. बाबांनी गाडी रोलरवर चढवली.

चाचणीकेंद्रात गाडी तपासतात ती अशीच. मागची चाकं दोन जाड रोलरांवर गरगर फिरतात, गाडी साखळदंडांनी बांधलेली असते आणि जागची हलत नाही. पुढची चाकं आप्पांनी दोन फिरत्या पाटांवर ठेवली होती. बाबा चालवायला बसले, केतकी शेजारी. इंजिन सुरू झालं, रोलर घुमायला लागले. मागून आवाज आला, "हिरवा."

"घाटात आणि इथं फरक काय? शोध," आप्पा खिडकीतून म्हणाले.

"घाटात चढ होता."

आप्पांनी रोलर जड केले. इंजिन चढावर धापा टाकतं तसं घुरघुरलं. दिवा हिरवाच.

"एसी लावला होता."

एसी लावला. हिरवाच. केतकीने डोळे मिटून घाट आठवला. डावीकडे दरी, उजवीकडे डोंगर, आणि पोटात ढवळेल अशी ती...

"वळणं! आप्पा, घाटात वळणं होती!"

"मग फिरव की स्टिअरिंग."

केतकी वाकली आणि तिने स्टिअरिंग डावीकडे वळवलं, मग उजवीकडे. क्षणभर काहीच झालं नाही. मग इंजिनाचा सूर किंचित बदलला.

"लाल," नाकाडा म्हणाला.

तिने स्टिअरिंग सरळ धरलं. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला. पुन्हा वळवलं, पुन्हा लाल. या खेपेला तरी तसं होणार नाही, या आशेने तिने आणखी कितीदा तरी वळवून पाहिलं. शेवटी बाबांनीच इंजिन बंद केलं.

"तुमच्या शाळेत तपासणीला साहेब येतात, तेव्हा काय होतं गं?" आप्पांनी विचारलं.

केतकी ओशाळली. "शिपाईमामा घंटेचा एक टोल जादा देतात. मग आम्ही सगळे हाताची घडी घालून बसतो."

"ही गाडीही तो जादा टोल ओळखते. चाकं जोरात फिरतायत आणि स्टिअरिंग मात्र ढिम्म हलत नाही, असं रस्त्यावर फार वेळ होतं का? नाही. फक्त चाचणीत होतं. कंपनीने गाडीच्या संगणकात तशी आज्ञावली (संगणकाने काय करायचं ते सांगणाऱ्या सूचना) लपवून ठेवली. स्टिअरिंग हललं नाही की समजायचं, साहेब आले. घाला हाताची घडी. हललं की साहेब गेले, करा धिंगाणा."

"पण धूर तर रस्त्यावरही दिसत नाही!"

"सगळंच विष दिसत नाही, बाळ. आपल्या हवेत बराचसा नायट्रोजनच असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण इंजिनाच्या पोटात इतकी उष्णता होते, की तो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. हे वायू श्वासनलिकांना सूज आणतात. दम्याच्या माणसाचे तर फार हाल होतात. म्हणून सायलेन्सरच्या वाटेत त्यांच्यावर युरियाच्या पाण्याचा फवारा सोडतात. तिथं उत्प्रेरक (स्वतः न बदलता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ) असतो. त्याच्यावर या वायूंचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो, आणि उरते पाण्याची वाफ. चाचणीत तुमच्या गाडीचा फवारा अगदी जोरात चालू असतो. रस्त्यावर तो जवळजवळ बंद."

"पण बंद कशाला करायचा?"

याचं उत्तर बाबांनी दिलं. आठवड्याभरात पहिल्यांदाच ते सलग बोलले. "टाकी लवकर संपू नये म्हणून. सारखा युरिया भरावा लागला असता, तर आपणच कुरकुर केली असती. मी काय सांगत होतो सगळ्यांना? आमच्या गाडीला युरिया लागतच नाही! का लागत नाही, हे एकदाही विचारलं नाही मी. फायदा होत होता ना."

"लाल," नाकाडा म्हणाला, आणि या वेळी त्याला कुणी दटावलं नाही.

केतकीला लाज वाटली. साधीसुधी नाही, कान तापतील आणि पाय जमिनीत गाडून घ्यावेसे वाटतील अशी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ती वर्षभर करत आली होती, वर त्याचे फोटोही काढून घेतले होते.

"आप्पा," ती म्हणाली, "उद्या नाकाड्याला हणमंतकाकांकडे नेऊ?"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं, अवजारं, गाड्या यांची पूजा करतात. आईने निर्मळसाठी झेंडूचा हार आणला होता, पण केतकीला तो घालवेना. आप्पांनी शेडमधले पाने-हातोडे पाटावर मांडले, शेजारी नाकाड्याला बसवलं आणि त्याच्या नाकाला कुंकू लावलं. उदबत्ती ओवाळताच तो "लाल!" असं ओरडला. एरवी केतकी हसून हसून लोळली असती. आज तिला हार हातात घेऊन हणमंतकाकांकडे करंजे गावात जायचं होतं.

हणमंतकाका घरासमोर व्हॅन धूत होते. शाळेचं काम सुटल्यापासून ते बाजारात फुलं पोचवायचे, त्यामुळे व्हॅनभर झेंडूच्या पाकळ्या सांडल्या होत्या. केतकी, बाबा आणि आप्पांना पाहून त्यांनी पाण्याचा नळ बंद केला, पण 'या' म्हणाले नाहीत.

केतकीने सगळं सांगितलं. गाडीची लबाडी, स्टिअरिंग, लाल दिवा. मग नाकाडा बंपरला चिकटला आणि व्हॅन करंज्याच्या रस्त्यावर एक फेरी मारून आली.

मागून निळसर धूर येतच होता. "पिवळा," नाकाडा म्हणाला.

"म्हणजे काय ओ आप्पा?" हणमंतकाकांनी विचारलं.

"निळा धूर म्हणजे इंजिनाच्या आत ऑइल जळतंय. तोही चांगला नाही, तो थांबवायलाच हवा," आप्पा म्हणाले. "पण ते न दिसणारे वायू तुमची व्हॅन निर्मळपेक्षा पुष्कळ कमी सोडते. तुमचं पाप दिसत होतं. आमचं लपलेलं होतं."

"काका, माझं चुकलं," केतकी म्हणाली. "तुम्हाला राग आला असेल."

"आला की. वरीसभर आलाय, आजबी हाय." हणमंतकाकांनी फडकं पिळलं. "व्हॅनमंदी तुला उलटी झाली की कोण पुसायचं? मी. त्याचं काय न्हाई, ल्हान होतीस. पन पाटी धरायच्या आदी येकदा इचारायचं तरी, काका, काय बिगाडलंय गाडीचं? फाटकापाशी दोनदा हॉर्न दिला की पोरं टाटा करायची मला. आता रस्त्यात दिसली तर तोंड फिरवत्यात."

केतकी रडायला लागली. तिची समजूत कुणी घातली नाही.

"रडून काय धूर थांबत न्हाई," काका म्हणाले. "त्या नाकाड्याला इचार, काय करायचं त्ये."

नाकाड्याला फक्त हुंगता येतं, सांगता येत नाही. आप्पांनी सांगितलं, "पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, त्या बदलायच्या." बाबा म्हणाले, ते काम माझ्याकडे. केतकीने हातातला हार पुढे केला. काकांनी तो घेतला, जरा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग व्हॅनला घातला.

दसऱ्यानंतर मोठा ट्रक येऊन कॉलनीतल्या चारही निर्मळ घेऊन गेला. त्याआधी बाबा तिन्ही घरी जाऊन आले. कदमकाकांना त्यांनी नाकाड्यासह घाट दाखवला. देसाईकाकांना गिऱ्हाईक मिळालं होतं, पण बाबांनी त्याला स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. मानेबाई नवी गाडी बघायला गेल्या, तेव्हा विक्रेत्याला म्हणाल्या, "आधी घाट, मग पेढे." ते वाक्य गावभर झालं. सरकारनेही आता रोलरवरच्या चाचणीबरोबर रस्त्यावरची चाचणी करायचं ठरवलं, आणि आप्पांच्या शेडमध्ये आणखी नाकाडे जन्माला यायला लागले.

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेच्या फाटकाशी पथकातली छोटी जुई पाटी घेऊन उभी होती. रिंगा बदलून पुन्हा शाळेला लागलेली हणमंतकाकांची व्हॅन लांबून येताना दिसली तशी तिने, शिकवल्याप्रमाणे, पाटी उंच धरली. 'धूर! थांबा!' व्हॅन थांबली. दार सरकलं आणि आतून केतकी उतरली.

"अय्या, केतकीताई, तू? तुमची निर्मळ कुठंय?"

'सर्व्हिसिंगला गेलीय' हे शब्द अगदी जिभेवर आले होते. कुणी तपासायला येणार नव्हतं, जादा टोल पडला नव्हता. भोवती मात्र मुलं जमली होती.

"ती परत दिली," केतकी म्हणाली. तिचे कान पुन्हा तापले. "ती फसवी होती. या व्हॅनपेक्षा कितीतरी जास्त विष सोडत होती, आणि मी तिच्यातून येऊन ही पाटी काकांसमोर धरली. चूक माझी होती. आजपासून पाटी नाही. नाकाडा सगळ्यांना हुंगणार, नव्या गाड्यांनासुद्धा. पहिली ही व्हॅन."

नवा नाकाडा बंपरवर चढला. व्हॅन शाळेला वळसा घालून आली. या वेळी निळा धूर नव्हता.

"पिवळा," नाकाडा म्हणाला.

केतकीला हिरव्याची आशा होती. तिचा चेहरा पडलेला पाहून हणमंतकाका खिडकीतून वाकले. "पिवळा तर पिवळा. पन रस्त्यावरचा हाय न्हवं? हिरव्याचं बगू फुडच्या टायमाला."

मग त्यांनी दोनदा हॉर्न दिला. जुईने पाटी खाली ठेवली आणि टाटा केला, तशी इतरही मुलं हात हलवायला लागली. शाळेपाशी हॉर्न वाजवायला बंदी आहे, हे सांगायचं पथकप्रमुखांच्या लक्षातच राहिलं नाही.