साक्षीदार उत्तर देत नाही

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नोरा ग्रीअर नावाची वकीलबाई माझ्याकडे आली, तेव्हा मी ताकातल्या बिस्किटांचं पीठ मळत होते. हात कोपरापर्यंत पांढरे. तिला म्हटलं, बस, आणि कॉफी तूच ओतून घे. आमच्या बेलहेवनमध्ये पाहुण्याला एवढं काम सांगितलं की तो घरचा होतो.

“मिस डॉर्थिया, टॉनिया प्रुइट आठवते?”

“आठवते,” मी म्हटलं आणि पीठ जरा जास्तच मळलं. जास्त मळलं की बिस्किटं दगड होतात. त्या दिवशी झाली.

टॉनिया तेव्हा सोळा वर्षांची होती. डेल नावाच्या माणसाने तिला चौदाव्या वर्षी घरून नेलं आणि हमरस्त्यालगतच्या मोटेलांमध्ये गिऱ्हाइकांना विकत राहिला. एका फेब्रुवारीत तिने अशाच एका गिऱ्हाइकाला त्याच्याच पिस्तुलाने मारलं. खटला मोठ्या माणसांच्या कोर्टात चालला. जन्मठेप झाली, आणि सुटकेचा नुसता विचारही एक्कावन्न वर्षं भरल्यावर. त्यातली बावीस सरली होती. आता तिचा दयेचा अर्ज राज्याच्या माफी मंडळापुढे होता. मंडळाने शिफारस केली तरच तो गव्हर्नरच्या टेबलावर जाणार होता.

त्या खटल्याचा शब्द न् शब्द मी लिहिला. ‘वेश्या’ हा शब्द कितीदा लिहिला ते आठवत नाही. विकल्या गेलेल्या पोरीला आज कोर्टात तसं म्हणत नाहीत. तेव्हा म्हणत, आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. आमचं यंत्र छोटं असतं. चार-पाच कळा एकदम दाबायच्या, की अरुंद कागदाच्या पट्टीवर खुणा उमटतात आणि पट्टी घड्या पडत ट्रेमध्ये साठत जाते. ठरावीक शब्दांच्या खुणा सगळ्यांच्या सारख्या, बाकीच्या जिच्या तिच्या. आम्ही बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. खाली बघायचं, बोटं आवाजामागे जातात. आणि नियम एकच, जे ऐकू येतं ते लिहायचं. कुणी नुसती मान हलवली किंवा पुटपुटलं तर हात वर करून जजना थांबवायचं आणि म्हणायचं, साक्षीदाराने मोठ्याने बोलावं.

नोराने टाइप केलेल्या साक्षीचं एक पान टेबलावर ठेवलं. सरकारी वकिलाचा प्रश्न होता, ‘त्या खोलीत तुला कुणी बळजबरीने पाठवलं होतं का?’ खाली माझी ओळ, ‘साक्षीदार उत्तर देत नाही.’ त्याच्याखाली जजसाहेबांनी जेवणाची सुट्टी दिलेली.

“या एका ओळीवर सरकारी वकील शेवटच्या भाषणात अर्धा तास बोलला,” नोरा म्हणाली. “संधी दिली होती, पोरगी गप्प बसली, नोंदीत बघा. एखादी ओळ टाइप करताना सुटली असेल का? मूळ पट्टी आहे तुमच्याकडे?”

पट्ट्या तळघरात होत्या. मी खोका वर आणला, ती जागा शोधली. प्रश्न होता. ‘उत्तर देत नाही’ होतं. त्यानंतरच्या घडीवर सुट्टी यायला हवी होती. तिथे खुणा होत्या, माझ्याच हाताच्या.

*डेलने माझे बूट काढून घेतले होते. बूट नसले की पोरी पळत नाहीत, असं तो म्हणायचा. बाहेर बर्फ होता.*

“काही आहे का?” नोराने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “जे टाइप केलंय तेच आहे.”

ती कॉफीचा कप धुऊन ठेवून गेली. मी का खोटं बोलले ते मला नीट माहीत होतं, त्यात गूढ काही नाही.

मला ते वाक्य ऐकू आलं होतं. बावीस वर्षांपूर्वीच. साक्षीदाराच्या खुर्चीपासून सगळ्यांत जवळ मीच बसायचे. त्या सकाळी मी दोनदा हात वर केला होता, आणि दुसऱ्यांदा जज स्टॅन्टन म्हणाले होते, “मिस डॉर्थिया, प्रत्येक कुजबुजीला थांबलो तर रविवारी चर्चला इथूनच जावं लागेल.” अख्खं कोर्ट हसलं. माझे कान तापले. तो शुक्रवार होता, आणि जजसाहेबांना चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण गाठायचं होतं. मग तो प्रश्न आला आणि ती पोरगी अगदी हळू बोलायला लागली. मिनिटभर बोलली. कुणीच काही म्हणालं नाही. तिचा स्वतःचा वकील फाइल चाळत होता. मी तिसऱ्यांदा हात वर केला नाही. तीन कळा दाबल्या, उत्तर देत नाही.

एका पोरीच्या एक्कावन्न वर्षांपेक्षा मला माझे तापलेले कान मोठे वाटले. यापेक्षा चांगल्या शब्दांत ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची भांडी आवरून मी पट्टी पुन्हा उघडली. माझं मलाच समजावत होते, की बोटांनी आपोआप लिहिलं असेल आणि टाइप करताना मी गाळलं असेल. पण मजकूर वाढला होता. *मी त्या माणसाला माझं वय सांगितलं. म्हटलं, मला घरी सोड. तो हसला आणि दाराची साखळी लावली.* जुना कागद चहाच्या रंगाचा झाला होता. या दोन घड्या पांढऱ्या होत्या. अंगठ्याला निळी शाई लागली. यंत्र तर मी निवृत्त झाले त्या वर्षीच देऊन टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी सात घड्या. खोक्याचं झाकण बसेना. हे मात्र मी कधी ऐकलेलं नव्हतं.

*आज आईला पुरलं. मला जाऊ दिलं नाही. इथल्या बाईंनी खिडकीपाशी उभं राहू दिलं तेवढंच.*

*आज मी तीस वर्षांची झाले. मिस डॉर्थिया, तुम्ही त्या दिवशी एकदा वर बघितलं होतं.*

मी नोराला फोन लावला. पट्टीबद्दल सगळं सांगायचा धीर झाला नाही. एवढंच म्हणाले, की ती बोलली होती, मी ऐकलं होतं, आणि शपथेवर सांगायला तयार आहे.

मग नोरा म्हणाली, “तुम्ही परवा मला नाही म्हणालात.”

“हो. तेही खोटंच.”

संध्याकाळी तिचा उलट फोन आला. “तुरुंगात जाऊन टॉनियाला विचारून आले. ती हो म्हणेना, नाही म्हणेना. म्हणाली, मिस डॉर्थियांना बोलू दे. मी तुमचं म्हणणं अर्जाला जोडतेय. नवीन मुद्दा हाच एक आहे आपल्याकडे, बाकी सगळं दोनदा नाकारून झालंय. येताना पट्टी आणा.”

सुनावणी एप्रिलमध्ये सकाळी दहाला तुरुंगाच्याच एका हॉलमध्ये होती. मंडळाचे सात जण, लांब टेबल, कागदी पेले. टॉनिया समोर बसली होती. अडतीस वर्षांची, केस मागे घट्ट बांधलेले, कानांपाशी पांढरे. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मला बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

अध्यक्षा मिसेस हॉलिफील्ड यांनी मंडळाच्या लघुलेखकाला पट्टी तपासायला सांगितलं. लायल नावाचा तरुण माणूस होता, माझ्याशी अदबीने वागत होता. त्याने घड्या मोजल्या, उजेडात धरल्या.

“प्रश्न. उत्तर देत नाही. लगेच सुट्टी,” तो म्हणाला. “मध्ये काही नाही, मॅडम.”

मी पट्टी हातात घेतली. सगळा कागद चहाच्या रंगाचा होता. पांढऱ्या घड्या नव्हत्याच.

नोराने माझ्याकडे पाहिलं. मी गुडघेदुखीचं निमित्त सांगून खाली बसू शकले असते. म्हातारी गोंधळली, असंच सगळे म्हणाले असते.

“पट्टीवर नाही, कारण मी लिहिलं नाही,” मी म्हटलं. “पण ती बोलली होती.”

मग मी सगळं सांगितलं. जजसाहेबांचा टोमणा, हसणारं कोर्ट, मासे, माझी बोटं. बूट आणि बर्फ. दाराची साखळी. साक्षीचं वाचन आम्ही करतो तसंच, आवाज न चढवता, न उतरवता.

टेबलाच्या टोकाचे एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते.

अध्यक्षा टॉनियाकडे वळल्या. “मिस प्रुइट, त्या दिवशी तुम्ही हे बोललात?”

एक ‘हो’ पुरेसा होता. मी मनात म्हणत होते, म्हण, पोरी, हो म्हण.

“नाही, मॅडम,” टॉनिया म्हणाली.

“म्हणजे यांनी सांगितलेलं खरं नाही?”

“खरं आहे. प्रत्येक शब्द खरा आहे. पण मी बोलले नव्हते. माझं तोंडच उघडेना. मी त्या बाईंकडे बघत मनातल्या मनात म्हणत होते. माझ्याबद्दल इतकं खोटं बोललं गेलंय, त्यात माझी भर कशाला.”

लायलची बोटं तेवढी चालू होती.

“म्हणजे नोंद बरोबर होती,” अध्यक्षा सावकाश म्हणाल्या.

नोरा उभी राहिली. कायदा सांगितला, पोरीचं वय सांगितलं, डेलचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं. तिने जीव तोडून सांगितलं. पण माझ्याकडे आता सगळे ज्या नजरेने पाहत होते, ती नजर मी ओळखत होते. वेड लागलेल्या साक्षीदाराकडे कोर्टात असंच पाहतात.

मतदान झालं. चार विरुद्ध तीन. शिफारस नाही.

टोकाचे म्हातारे गृहस्थ त्या तिघांत होते. त्यांना म्हणे माझं म्हणणं पटलं होतं. मी आले नसते तर कदाचित आणखी एक मत तिच्या बाजूने पडलं असतं, असं नोरा मला कधीच म्हणाली नाही. ती भली बाई आहे.

टॉनियाला नेताना दोघींची वाट एकच होती. पहारेकरीण दाराची किल्ली शोधत होती, तेवढ्यापुरती ती माझ्यासमोर उभी राहिली. मला माफी मागायची होती. मी हात अर्धा वर केला.

तिने या वेळी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

“अजून एकोणतीस वर्षं आहेत, मिस डॉर्थिया,” ती म्हणाली. “सगळं सांगेन तुम्हाला.”

तिचे ओठ मिटलेले होते. पहारेकरणीला किल्ली सापडली, आणि तिने टॉनियाला हाताला धरून आत नेलं.