पलूसला झालेला कार्यक्रम

'कातळ'चा सगळ्यात भारी दौरा कोणता, यावरून मी आणि वीरधवल कॉलेज सुटल्यापासून भांडतोय आणि अजून निकाल लागलेला नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी साताऱ्याहून सकाळची एसटी धरतो, सांगलीला विश्रामबागेत उतरतो आणि ठरलेल्या हॉटेलात मिसळ सांगून बसतो. वीरधवल पलूसहून बुलेटवर येतो. खुर्ची ओढायच्या आधीच म्हणतो, "सत्त्याऐंशी!" मी म्हणतो, "एकोणनव्वद!" मग सुरू.

कातळ म्हणजे मिरजेकडची चार पोरं. दोन गिटारी, एक ड्रमसेट आणि फाटक्या गळ्याचा एक गायक. त्यांची पहिली इलेक्ट्रिक गिटार एका सतारमेकरनं सतारीच्या उरलेल्या लाकडातून करून दिली होती. रॉक म्हणायची, पण मराठीत, आणि जत्रेच्या मैदानात. सत्त्याऐंशी साली गाळपाच्या हंगामात ती साखर कारखान्यांच्या आवारात वाजवत फिरली, तो साखर दौरा. वीरधवल त्याच्यावर जीव टाकतो. माझं म्हणणं, एकोणनव्वदचा शेवटचा दौरा ऐकला नाही त्यानं काही ऐकलंच नाही. त्यानंतर गायक आखातात गेला, ड्रमवाला शेतीत घुसला आणि बँड मोडला.

आमचा एक नियम आहे. जो हजर होता त्यानंच बोलायचं. ऐकीव गोष्टीला किंमत नाही. त्यामुळं आमच्यातला तिसरा, निमिष, याला मत नाही. तो सांगलीतल्याच कॉलेजात फिजिक्स शिकवतो, चाळिशीचा आहे, कातळची जुनी रेकॉर्डिंगं जमवतो. त्यानं फक्त ऐकायचं आणि चहा सांगायचा.

साताऱ्याच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. मापात बसत नाही ती वस्तू बाजूला काढायची, एवढंच मला येतं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला लिंबू-मिरची सुचवायला नको.

माझी बायको गोदावरी पलूसची. तिचे वडील शाळामास्तर, भलतेच कडक. साखर दौऱ्यात कातळ त्यांच्या गावाजवळ आला तेव्हा मास्तरांनी मुलींना घरात कोंडलं. ही माळ्यावर चढून कौलाच्या फटीला कान लावून बसली. गाणं काही पोचलं नाही, नुसता ड्रमचा आवाज आला. आमचं लग्न झालं तोवर बँड मोडून दोन वर्षं झाली होती. तरी जन्मभर तिची एकच तक्रार. सांगलीहून मी घरी आलो की दार उघडताना म्हणायची, "झालं का भांडून? मला मेलीला एक तरी कार्यक्रम दाखवायचा होतात!" मी हसण्यावारी न्यायचो. ती जाऊन आता दोन वर्षं झाली. अजून सांगलीहून परतलो की कुलूप काढताना मी थोडा थांबतो. वेडेपणाच आहे, पण थांबतो.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. त्या रविवारी वीरधवल फारच पेटला होता. पलटणीत सुभेदार होता, हरायचं त्याला माहीत नाही. माझं एकोणनव्वद त्यानं पार चेचून काढलं आणि शेवटी म्हणाला, "तू नुस्ता बोलाचा गडी रं! एवढा कातळ कातळ करतोस, वयनींना एकदा तरी दावलास का?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला ते भाल्यासारखं लागलं.

"दाखवला," मी म्हणालो.

"कवा?"

"ब्याण्णव साली. पलूसला. बँड मोडल्यावर पोरं एकदाच एकत्र आली होती. तुला पत्ता नाही."

नियमाप्रमाणं आता मी एकटाच बोलू शकत होतो. आणि काय सांगू, मला इतकं बरं वाटलं! मी बोलत सुटलो. ऊस तुटून गेलेलं रान, पाचट पेटवल्याचा वास, दोन ट्रॉल्या एकाला एक जोडून केलेलं स्टेज. गोदावरीला मी जांभळं लुगडं नेसवलं, पुढं एका बाजेवर बसवलं. पहिलंच गाणं सुरू झालं आणि लाइट गेली. लोक ओरडले नाहीत, सगळ्यांनी पायांनी ठेका धरला. तिला थंडी वाजत होती. म्हणून मी म्हणालो, बस इथंच, दोन चहा घेऊन येतो.

इथं मी अडलो. पुढं बोलताच येईना. निमिषनं पाण्याचा ग्लास सरकवला, वीरधवलनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि विषय तिथंच राहिला.

परतताना एसटीत मला लाज वाटली नाही. उलट मी खिडकीशी बसून ते रान, ती बाज, ते लुगडं पुन्हा पुन्हा बघत होतो. खोटं असेना का, कुणाचं काय जात होतं?

पुढच्या महिन्यात वीरधवल आला तो काही न म्हणता बसला. टोपी काढून टेबलावर ठेवली.

"गंगाधरा, माफी कर गड्या. मला वाटलं तू थापा मारतोयस. मी गावात इचारलं. झाला हुता कार्यक्रम."

हा माझी फिरकी घेतोय, असंच मला वाटलं.

"माझ्या चुलतीच्या रानातच झाला की! हरणाबाईच्या. तिला लख्ख आठवतंय. वयनी म्हनं डाव्या कानावर पदर दाबून बसल्या हुत्या."

गोदावरीचा डावा कान दुखायचा. मोठा आवाज झाला की ती पदर दाबायची. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. लग्नाच्या जेवणात कुणी बघितलं असेल, वीरधवलनं बघितलं असेल, असं मी स्वतःला समजावलं.

"आन खरं सांगू का," वीरधवल हळू आवाजात म्हणाला, "मला बी आता आठवाय लागलंय. मी तवा सुट्टीवर हुतो. लाइट गेल्याली. पाय आपटून आपटून माझी टाच सुजली हुती."

"काका," निमिष म्हणाला. तो मिसळीत चमचा फिरवत होता, खात नव्हता. "माझे बाबा तेव्हा पलूसला बँकेत होते. मी लहान होतो. अंधारात बाबांचा हात सुटला आणि मी रडायला लागलो. बाजेवर एक बाई होत्या. त्यांनी पिशवीतून श्रीखंडाची गोळी काढून दिली. मला इतकी वर्षं वाटायचं ते स्वप्न असेल."

श्रीखंडाच्या गोळ्या तिच्या पिशवीत कायम असायच्या. एसटी लागायची तिला.

माझे डोळे भरून आले. घाबरायला हवं होतं, पण मी घाबरलो नाही. मला हाव सुटली. "अजून सांग," मी निमिषचा हात धरला. "कशी दिसत होती? हसत होती का?"

"हो, हसत होत्या. बांगडीवर बोटानं ठेका धरला होता."

"आणि मी? मी आलो का चहा घेऊन?"

निमिषनं वीरधवलकडं बघितलं. वीरधवलनं टोपी उचलून मांडीवर घेतली.

"तू न्हवतास गंगाधरा," तो म्हणाला. "आमी बघितलं तवर त्या एकट्याच हुत्या."

मी हसलो. म्हणालो, अरे गाढवांनो, सांगितलं कुणी तुम्हाला? मीच ना? त्यावर वीरधवल अगदी समजुतीनं म्हणाला, "नियम तुजाच हाय. जो हजर, त्येनंच बोलायचं."

त्या दिवशी सत्त्याऐंशी झालं नाही, एकोणनव्वद झालं नाही. ते दोघं ब्याण्णवबद्दलच बोलत होते, आणि मी ऐकत होतो.

चार दिवस कसेबसे काढले. कारखान्यात एखादा भाग मापात बसला नाही तर आम्ही आधी मोजायचं हत्यार तपासत असू. तेच केलं. माझ्या डोक्यात काही बिघाड नाही ना, म्हणून जुनी बिलं, पाढे, सासऱ्यांचा पत्ता, सगळं आठवून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. मग कराडवरून पलूसची गाडी धरली.

हरणाबाईंचं घर रानातच आहे. दुपारचं ऊन, समोर नुकतीच तोड झालेला ऊस, पाचट पेटवलेली. तो वास मी हॉटेलात बसून सांगितला होता तसाच होता. पाचटीचा वास सगळीकडं सारखाच असतो, मी मनाला म्हणालो. म्हातारी सोप्यात शेंगा फोडत बसली होती. वीरधवलचा मित्र म्हटल्यावर तिनं पाट दिला, पाणी दिलं.

"कातळवाली पोरं व्हय? लय कालवा केला हुता मेल्यांनी. म्हसरं बुजली माझी."

"बाजेवर एक बाई बसल्या होत्या म्हणे."

"मास्तरांची गोदा. न वळखाया काय झालं? माझीच बाज की ती. थंडीनं कुडकुडत हुती पोर. म्या घोंगडं दिलं तर म्हनली, नगं, मालक च्या आनाय गेल्यात, येतील इतक्यात."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मग?"

"मग काय. बसली वाट बघत. येनाऱ्या-जानाऱ्याला इचारायची, आमचं मानूस दिसलं का? अंधारात लोकं पाय आपटत हुती, पर तिचं ध्यान न्हवतं. सारखी मागं वळून बघायची. मला लय वंगाळ वाटलं बघा. जलमात एकदा आली बिचारी, आन..."

"मावशी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "ती माझी बायको. तो चहा आणायला गेलेला माणूस मी."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. डोळ्यांवर हात धरून मला नीट न्याहाळलं. पुष्कळ वेळ न्याहाळलं.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी न्हवं."

"मीच. तेव्हा तरुण होतो, मिशी होती."

"मिशी हुतीच की त्येला. उंची बी तुमच्याएवढीच. दिसायला तर डिट्टो तुमीच. पर तुमी न्हवं."

"म्हणजे तो आला?"

"आला की! लाइट आली आन आला. दोन च्या घिऊन. हातावर सांडला हुता च्या, पर कप सोडलं न्हाईत गड्यानं. तिला असा काय आनंद झाला म्हनता! उठून हुबीच ऱ्हायली. मग दोघं बसली की बाजेवर, शेवटपत्तूर."

"आणि नंतर?"

"नंतर गेली घरला. त्येच्यासंगं."

"कुठल्या घरला?"

म्हातारीला माझी कीव आली असावी. "त्येंच्या," ती म्हणाली. "साताऱ्याला. संसार केला की तिनं. लय चांगला नवरा मिळाला म्हनायची माहेराला आली की. एकदा बोलली हुती मला, एक कार्यक्रम बघायची हौस हुती, ती बी पुरवली ह्येनी."

तिनं पुन्हा सूप ओढलं आणि शेंगा फोडायला लागली. मी उठलो. काय म्हणून उठलो, आठवत नाही.

कराडच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. ऊन अजून होतं. मी ठरवलं, हा सगळा मूर्खपणा आहे. तिच्याबरोबर घालवलेला जन्म माझाच आहे, आणि तो मला कुणाला विचारून आठवायचा नाही. अगदी सुरुवातीपासून आठवू, म्हणून लग्न आठवायला घेतलं.

पलूसचा मांडव. मंगलाष्टकं चालली होती. अंतरपाट धरला होता. मला त्या लग्नातलं हेच नेहमी आठवतं, की डोळ्यांसमोर नुसतं पिवळं कापड आणि त्याच्या खालून दिसणारी तिची पावलं.

आज पावलं दिसेनात. ती अख्खी दिसत होती. मुंडावळ्या, खाली घातलेली नजर. आणि अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला फेटा बांधलेला, मिशीवाला नवरा दिसत होता.

मी जवळ जायचा प्रयत्न केला. पुढं फार गर्दी होती.

माझ्या मुठीत अक्षता होत्या. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं तसे लोक सरसावले. शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्यानं माझ्याकडं बघितलं, ओळख लागेना म्हणून हसला, आणि अदबीनं विचारलं, "आपण कुणाकडचे? मुलाकडचे का मुलीकडचे?"