खिशातले हात

कुर्ल्याच्या वस्तीतलं सभागृह झुलेखा परकारला त्या रविवारी मोठ्या मिनतवारीनं मिळालं होतं. दार लोटून ती आत गेली, तर एक तरुण आधीच सतरंजी अंथरत होता.

"अहो, आज सभागृह आमच्याकडे आहे," ती म्हणाली.

"आमच्याकडेपण आहे." सतरंजीचं टोक त्यानं सोडलं नाही. "दर रविवारी आमचा संविधानाचा वर्ग असतो. तुमचं काय?"

"बायकांची बैठक. तलाक, पोटगी, मेहेर..."

आता हा हसेल, नाहीतर उपदेश करील, असं तिला वाटलं. १९८६ साल होतं. मुसलमान बायकांच्या पोटगीवर ज्याला त्याला मत होतं, फक्त त्या बायकांना कोणी विचारत नव्हतं. ते आपण विचारायचं, असं झुलेखानं मनावर घेतलं होतं. घाटकोपरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी वस्त्या पालथ्या घालायच्या. अंधेरीच्या घरी अम्मी कपाळाला हात लावून बसे.

तो हसला नाही. "चला रे, आज जिन्यात," म्हणत त्यानं आपली मंडळी बाहेर काढली. तेवढ्यात बायका आल्या. एकीनं कडेवरचं पोर सरळ त्याच्या हातात दिलं. "भाऊ, जरा धरा." मग दुसरीनं दिलं, तिसरीनं दिलं. वकिलाकडे उमेदवारी करणाऱ्या भीमराज जाधवच्या अभ्यासवर्गाचं बघता बघता पाळणाघर झालं.

आत झुलेखानं विचारलं, "निकाहाच्या वेळी तुम्हाला विचारलं होतं का?"

"विचारलं ना, बाई!" हमीदाआपा म्हणाल्या. "कबूल आहे का, म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत फुफीनं, माझ्या आत्यानं, मागनं मान दाबली. झालं कबूल!"

हास्याचा फवारा उडाला. मग कुणाच्या मानेवर मामीचा हात निघाला, कुणाच्या मानेवर थोरल्या बहिणीचा. हसता हसता एकीचा पदर डोळ्यांना लागला.

बैठक संपल्यावर भीमराज पोरं परत करत होता. शर्टावर बिस्किटाचा लगदा होता.

"तुम्ही ऐकत होतात?" झुलेखानं डोळे बारीक केले.

"दार कुठं लागतंय इथलं... पण तुम्हाला कुणी विचारलं का?"

"काय?"

"चहा घेणार का, म्हणून!"

ती हसली... आणि तिथंच तिची वाट लागली, असं ती अजूनही म्हणते.

पुढचे रविवार कसे गेले ते कळलंच नाही. तुम्हीचं तू झालं. तो पोरं सांभाळायचा, ती प्रश्न विचारायची, आणि चहाबरोबर दोघं कडाकडा भांडायची. थंडी पडली तेव्हा घरात रत्नागिरीच्या स्थळाची बोलणी चालू होती आणि हैदराबादच्या विद्यापीठात तिला संशोधनाची जागा मिळाली होती. एवढं सगळं घेऊन ती पवईच्या तलावाकाठी त्याच्याशेजारी बसली होती. पाण्यावरून गार वारा येत होता.

"झुलेखा, माझ्याशी लग्न..." म्हणत त्यानं तिच्या केसांत अडकलेलं पान काढायला हात नेला. बोटं मानेला लागली.

ती ताठ झाली. होच म्हणायचं होतं तिला, जीव तुटत होता तसं म्हणायला. पण मानेवर हात होता.

भीमराजनं पाहिलं आणि त्याला कळलं. तो झटकन उठला, चार पावलं लांब गेला आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभा राहिला.

"आता विचारतो. करशील?"

"आणि आज उत्तर नको असलं तर?"

"तर उद्या विचारीन."

"मी आधी हैदराबादला जाणार. मग... थांबशील?"

"थांबतो की! तोवर पोरं कोण सांभाळणार इथली?"

रत्नागिरीला तिनं स्वतःच नाही म्हणून कळवलं. हैदराबादचं काम पुरं करून ती परतली, ती उत्तर घेऊनच. लग्न नोंदणी कार्यालयात झालं. अब्बा आले नाहीत. अम्मी आली, आणि हट्टानं झुलेखाची स्वतःची फुफीही आली. साहेबांनी झुलेखाला विचारलं. मागे उभ्या फुफीचा हात सवयीनं वर उठला, पण झुलेखानं इतक्या ठणठणीत "हो" म्हटलं, की तो हात तसाच हवेत राहिला.

फोटो नेमका तेव्हाच निघाला. झुलेखा मोठी प्राध्यापक झाली, कितीतरी मुलींना तिनं प्रश्न विचारायला शिकवलं, आणि तो फोटो तिच्या टेबलावर कायम राहिला. मुली विचारतात, "मॅम, सर स्वतःच्या लग्नात खिशात हात घालून काय उभे आहेत? किती ती ऐट!"

झुलेखा नुसती हसते. फोटोत न आलेलं तिला आठवत असतं. सही झाली, हार झाले, तरी त्याचे हात खिशातच होते. मग तिनंच आपला हात पुढे केला.

"काढ की आता बाहेर," ती म्हणाली. "मी विचारतेय."