धुण्याच्या दगडावरचं नाव

एर्सीलियाच्या सुनेला तिसरा मुलगा झाला, ते १९२२ साल. एप्रिलची बारा तारीख. रोमजवळच्या सबिनाच्या डोंगरातल्या त्या गावात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचे. तो दगावला, तर पुढच्यालाही तेच. सुनेच्या पहिल्या दोन्ही मुलांचं नाव साबातीनोच ठेवलं होतं. दोघेही आठव्या दिवशी गेले.

आता तिसरा साबातीनो नको, असं एर्सीलियाने ठणकावलं. "माझ्या नावाला काय किडे पडलेत?" म्हणून नवऱ्याने अबोला धरला.

ऑलिव्हच्या रानात नांगराला लागलेला एक जुना संगमरवरी दगड परसातल्या हौदावर बसवलेला होता. चाळीस वर्षं ती त्यावर धुणं घासत आली होती. त्यावरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण तळव्याला पाठ होती. शेवटी एक टोकदार खूण आणि तीन उभ्या रेघा. आठव्या दिवशी सकाळी तिने फादरना तिथे आणून ती वाचायला लावली.

"नुमेरिउस. आठ दिवस जगला," शेवटच्या रोमन आकड्यावर बोट ठेवत फादर म्हणाले. "रोमन बादशहांच्या काळातलं पोर. आता हे नाव कोणी ठेवत नाही."

"हेच ठेवा."

"अगं बाई, मेलेल्या पोराचं? या नावाचा संतसुद्धा नाही."

"आठच दिवस वापरलंय, फादर. कोरं करकरीत आहे. संत नसेल, तर हा होईल."

दुपारच्या आत नुमेरिओचा बाप्तिस्मा झाला. नवव्या दिवशी सकाळी पोराने भुकेने अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. आजोबा त्याला चौकात घेऊन गेले आणि भेटेल त्याला वाइन पाजत सुटले.

एर्सीलिया लंगोट धुवायला बसली. तळवा अडखळला. खुणांची ओळ आता दगडाच्या कडेपर्यंत गेली होती. नव्या खुणाही जुन्यांइतक्याच झिजलेल्या.

ती कोणाला बोलली नाही. त्या हिवाळ्यात, एकसष्टाव्या वर्षी, ती फादरकडे अक्षरं शिकायला बसली. गाव हसलं. वसंतात तिने ओळ वाचली: ऐंशी वर्षं, पाच महिने, तीन दिवस जगला.

त्याच दिवशी तिने दगडाला चुन्याचा जाड लेप दिला.

१९४२ साली नुमेरिओसह गावातले सात तरुण रशियाच्या आघाडीवर निघाले. आया धाय मोकलून रडत होत्या. एर्सीलिया चीज बांधत होती.

"आजी, तुला काहीच वाटत नाही?"

"माझे लोकरी मोजे नेतोयस. परत आण."

सातांतला तो एकटाच परतला, मोज्यांसकट.

२००२ च्या सप्टेंबरात एका सकाळी दगडाचा लेप आपोआप गळून पडला. खाली पुन्हा फक्त एक टोकदार खूण होती आणि तीन उभ्या रेघा.

त्याच दिवशी, पंधरा तारखेला, नुमेरिओ वारला.