सांध्यावरचा चेहरा

त्या काळी पॅरिसमध्ये पुस्तकात छापायचं मोठं चित्र एका लाकडावर मावत नसे. कठीण पिवळसर लाकडाचे ठोकळे स्क्रूने जोडायचे, त्यावर चित्रकार चित्र काढायचा, मग ठोकळे सोडवून कारागिरांत वाटायचे. ज्याने त्याने आपला तुकडा कोरायचा. कडा तेवढ्या कोऱ्या ठेवायच्या. ठोकळे पुन्हा जुळले की सांध्यांवरच्या रेघा एकाच हाताने पुऱ्या होत. बारतेलमींच्या कारखान्यात तो हात ओनोरीनचा होता. कोरता कोरता मूळ चित्र नाहीसं होई. मागाहून ताडून बघायला काही उरत नसे.

शेजारच्या टेबलावर तिची जुळी बहीण डेल्फीन बसे. पाववालीसुद्धा तीळ बघून हाक मारायची: ओनोरीनचा डाव्या गालावर, डेल्फीनचा उजव्या. डेल्फीन घटकाभराने धाकटी, म्हणून चिडवत ‘ताई’ म्हणे. आईबाप गेल्यावर ओनोरीनला तिच्यावाचून कोणी नव्हतं.

त्या वर्षी नरकाच्या एका जुन्या महाकाव्याची चित्रं कोरायला आली होती. गर्दीतल्या पाप्यांना कारागीर गंमत म्हणून ओळखीचे चेहरे देत. त्यांतल्या आन्सेल्मने आगीच्या चित्रात आपला घरमालक बसवला. ऐन जानेवारीत तो घरमालक अंगाची आग होते म्हणून खिडक्या उघड्या टाकून थंड पाण्याच्या टबात बसू लागला. तिथेच गेला. बारतेलमी म्हणाले, ताप असेल. पण त्यानंतर कुणी ओळखीचा चेहरा कोरला नाही.

जुलैत गोठलेल्या तळ्याचं चित्र आलं. बाहेर रस्ते तापलेले, आणि ठोकळे मात्र हाताला गार लागत. आन्सेल्म म्हणाला, “झकास. रात्री उशाला घेऊन झोपतो.”

ठोकळे जुळले तेव्हा बर्फाच्या मधोमध एक बाई उभी होती. घोट्यापर्यंत रुतलेली, पाठमोरी, मान मागे वळवलेली. चित्रकाराने ती काढल्याचं कुणालाच आठवेना. आन्सेल्मने तिचा खांदा खडक समजून कोरला होता, दुसऱ्या कुणी तिची शाल बर्फातली चीर समजून. चेहरा नेमका सांध्यावर आला होता, म्हणून कोरा होता.

शालीचा कोपरा जळका होता. डेल्फीनच्या शालीचाही होता. गेल्या हिवाळ्यात शेगडीची ठिणगी पडली होती. शाल तिच्या खुर्चीच्या पाठीवर लोंबत होती.

ओनोरीनने बारतेलमींना विचारलं, हा चेहरा न कोरता तसाच काळा छापला तर?

“बिनचेहऱ्याची बाई? चित्रकार माझं डोकं खाईल. कुणाचाही दे, बाई. संध्याकाळी ठसा छापायचाय.”

तिने म्हाताऱ्याचा चेहरा द्यायचं ठरवलं. हातातली कोरायची टोकणी दाढीकडे वळेचना. गालाची गोलाईच येत गेली. डेल्फीनची गोलाई.

तिने टोकणी खाली ठेवली.

मग खणातला आरसा काढून समोर उभा केला. दोघींतली एक हवीच असेल, तर मी जाईन. आरशात बघत तिने स्वतःचे डोळे कोरले, स्वतःची हनुवटी, आणि शेवटी गालावर एक ठिपका न कोरता काळा सोडला: तीळ. मन शांत झालं होतं.

संध्याकाळी बारतेलमींनी शाई फिरवली, कागद ठेवला, दाबला, सोलून उचलला. म्हणाले, “सुंदर.”

तीळ उजव्या गालावर होता.

लाकडावर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा कागदावर सुलट येतं. वीस वर्षांची सवय. पण आरशाने तिचा चेहरा आधीच उलटा केला होता. तिच्या हाताने सवयीने तो पुन्हा उलटवला, आणि छापताना तो तिसऱ्यांदा उलटला. कागदावर आरशातलीच बाई आली, उजव्या तिळाची.

ओनोरीन वळली. डेल्फीन खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. अंगभर शाल लपेटलेली.

“ताई,” ती मान मागे वळवून म्हणाली, “खिडकी लाव ना गं. किती गारठा आहे.”

“तूच लाव. समोरच तर आहेस.”

“लावली असती.” डेल्फीन हसायला गेली. “पाय उचलत नाहीयेत बघ.”

ओनोरीनने खाली पाहिलं. दिवसभराचा लाकडाचा भुसा जमिनीवर पसरला होता, वाऱ्याने इकडेतिकडे उडत होता. डेल्फीनच्या बुटांभोवतीचा तेवढा हलत नव्हता. तो पांढरा झाला होता.